कोकणात नाईटची सुपारी घेताय? आधी गाडी कुठपर्यंत जाते ते विचारा

आमचा आठ जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. कीबोर्डवर मी, मग ढोलकी-तबला, ऑक्टोपॅड, बेस गिटार, दोन गायक, एक गायिका आणि साऊंडवाला, जो आमचा ड्रायव्हर पण आहे. दिवाळी झाली की पार मे महिन्यापर्यंत सिंधुदुर्ग-रत्नागिरीत फिरत असतो, जत्रा, सत्यनारायणाच्या महापूजा, शिमगा, माघी गणपती, क्रिकेट टूर्नामेंटचं बक्षीस वितरण, कोण बोलवेल तिथे. हल्ली घाटावरची आणि मुंबईची पोरं फोन करून विचारतात की दादा कोकणात नाईट, म्हणजे रात्रीचा प्रोग्रॅम, कशी करायची, दरवेळी तेच तेच सांगून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतोय. गाण्यांचं काही सांगणार नाही, ते तुम्हाला येतंच. आमचे जेवढे प्रोग्रॅम बोंबलले त्यातले निम्मे तरी डांबरी रस्ता सोडल्यापासून स्टेज दिसेपर्यंतच्या अर्ध्या किलोमीटरात बोंबललेत.

म्हणून पहिला प्रश्न मानधनाचा नाही, "गाडी स्टेजला लागते का?" हा विचारायचा. आणि "लागते" या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. कुठली गाडी ते विचारा. गाववाल्याच्या डोक्यात रिक्षा किंवा बाईक असते आणि तुम्ही टेम्पो ट्रॅव्हलर आणि मागे छोटा हत्ती घेऊन निघालेले असता. राजापूर साईडला एकदा असंच झालं, फोनवर "थेट येते हो गाडी" आणि पोचल्यावर समोर पाखाडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाची पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूला गडगा म्हणजे दगडी बांध, आणि रुंदी एवढीच की समोरून म्हैस आली तर तुम्ही गडग्यावर. देऊळ खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेला, शंभरेक पायऱ्या असतील, आणि आमच्याकडे चाळीस-चाळीस किलोचे दोन बेसचे स्पीकर, दोन टॉपचे, ॲम्प्लिफायरची रॅक. वाडीतल्या पोरांनी सगळं डोक्यावरून उतरवलं, खरं सांगतो आमच्यापेक्षा नीट. एक आजी स्वतःची चुंबळ घेऊन आली आणि मिक्सरची बॅग द्या म्हणाली, मी म्हटलं आजी जपून, मिक्सर आहे, तर म्हणते, "येवढ्या मोठ्या मिक्सरात वाटाप तरी कितक्या करतास रे?" तेव्हापासून गाडीत चार गोणपाटं, दोरी आणि दोन चुंबळी कायम असतात. पायऱ्यांवर सुका पाला असेल तर आधी झाडून घ्या, तो शेवाळापेक्षा वाईट घसरतो. आणि सामान वर चढवायला परत तेवढीच पोरं रात्री दोन वाजता जागी राहणार आहेत का हे उतरवतानाच ठरवून घ्या, हे आम्ही त्या दिवशी विसरलो होतो.

पत्ता घेताना गाव, वाडी आणि तालुका तिन्ही घ्या. वरचीवाडी, मधलीवाडी, खालचीवाडी प्रत्येक गावात असते. मॅपवर तर अजिबात जाऊ नका म्हणजे जा पण खाडी बघून जा, मॅपवर गाव दोन किलोमीटरवर दिसतं, मध्ये खाडी असते आणि पूल तिकडे लांब कुठेतरी. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडला, जयगड-तवसाळ इथे फेरीबोटी आहेत, गाडीसकट पलीकडे जाता येतं, मस्त काम होतं, पण शेवटची फेरी किती वाजता ते त्याच दिवशी फोन करून विचारायचं. दाभोळला आमची शेवटची बोट डोळ्यादेखत सुटली, पलीकडे धोपाव्याचे दिवे दिसतायत, आयोजकांचा माणूस तिकडून टॉर्च मारतोय आणि आम्ही मागे फिरून खेड-चिपळूण करत गुहागरला निघालो. पोचेपर्यंत तिथे भजनी मंडळाने आमचा टाईम भरून काढला होता आणि पब्लिक त्यांच्यावरच खूश होतं.

गायक मुंबईहून रेल्वेने येणार असेल तर एवढंच लक्षात ठेवा की मालवणला स्टेशन नाही, कुडाळ, सिंधुदुर्गनगरी नाहीतर कणकवलीला उतरायचं, आणि राजापूर रोड, सावंतवाडी रोड अशा नावातल्या "रोड"चा अर्थ गाव लांब आहे, रिक्षाचे पैसे ठेवा.

आता पैसे. कोकणातल्या गावात दोन मंडळं असतात, ग्रामस्थ मंडळ आणि मुंबई मंडळ, म्हणजे गावातले जे मुंबईला कामाला असतात त्या चाकरमान्यांचं. सुपारी देणारा एक, पैसे देणारा दुसरा, आणि प्रोग्रॅम कसा पाहिजे यावर दोघांचं जमत नाही. चाकरमान्यांना नवीन गाणी, डीजेसारखं काहीतरी पाहिजे असतं, गाववाल्यांना भक्तिगीतं आणि लावणी. तुम्ही ज्याच्याशी बोलताय तो नक्की कुठल्या मंडळाचा हे आधीच विचारा, निम्मे पैसे आगाऊ घ्या, उरलेले इंटरव्हलच्या आधी. प्रोग्रॅम संपल्यावर खजिनदार सापडत नाही, मी एकाला तीन वाजता त्याच्या पडवीत झोपेतून उठवलंय आणि त्याने दहा-दहाच्या नोटा, वर शाल आणि नारळ दिला. मोजायला अर्धा तास लागला पण पैसे बरोबर होते हां.

तारखांचं पण बघा. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरवर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते, आणि ती ठरली की त्या दिवसांत मालवण-कणकवली रस्त्यावर वेळेत कुठे पोचायचं विसरा. तिकडची सुपारी घेताना हे डोक्यात ठेवा.

पत्रिकेवर "रात्रौ ठीक ९ वाजता" छापलेलं असतं, त्यातल्या "ठीक"वर जाऊ नका. शिमग्यात तर पालखी घरोघर फिरून सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर आली की मगच तुमचं सुरू, आणि पालखी नाचवायला लागले की कोण ऐकतो. पण कायद्याने लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, सणासुदीला म्हणून वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट मिळते, म्हणजे पालखी साडेदहाला आली तर तुमच्याकडे दीडच तास. तो दिवस सूट दिलेल्या दिवसांच्या यादीत आहे का आणि पोलीस परवानगी घेतलीय का ते आयोजकांना आधीच विचारा, कागदाचा फोटो मागा. आम्ही आता दोन याद्या करूनच जातो, एक तीन तासांची, एक सव्वा तासाची, आणि सव्वा तासाच्या यादीत निवेदकाला फक्त नावं घ्यायची परवानगी, जोक नाही.

लाईट. इथे जरा सविस्तर सांगतो कारण माझा एक ॲम्प्लिफायर यात गेलाय. फोनवर सगळे म्हणतात, "लाईटीचो काय्येक प्रॉब्लेम नाय." तुमचा मल्टिमीटर तुमच्याजवळ पाहिजे, दोनतीनशे रुपयांत येतो. २३० व्होल्टच्या जागी १७० मिळणं तर रोजचंच, कीबोर्डच्या ॲडॉप्टरवर १००-२४० लिहिलेलं असेल तर तो ओढतो बिचारा, जुना जड ठोकळ्यासारखा ॲडॉप्टर असेल तर नाही ओढत. कीबोर्डला छोटा यूपीएस लावाच, नाहीतर लाईट अर्धा सेकंद गेली तरी कीबोर्ड पहिल्यापासून सुरू होतो आणि गायक एकटा हवेत.

पण कमी व्होल्टेजपेक्षा न्यूट्रलची भीती जास्त. थ्री फेज लाईनीत न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर २३० चे पार ४०० पर्यंत जाऊ शकतात. देवगड साईडच्या एका गावात गाणं रंगात आलेलं, अचानक हॅलोजन असा काही लख्ख पेटला की लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं आमची लाईट इफेक्टची आयडिया, मी पण हात जोडले, आणि पाचव्या सेकंदाला ॲम्प्लिफायरमधून धूर. त्यानंतर व्होल्टेज वाढला की आपोआप कट करणारं यंत्र घेतलं, ते जोडल्याशिवाय कशालाच पिन लावत नाही. व्होल्टेज दोनदा मोजा, एकदा संध्याकाळी आणि एकदा जत्रेतल्या खाजं विकणाऱ्या मिठाईवाल्यांचे, खेळण्यावाल्यांचे सगळे बल्ब पेटल्यावर. जनरेटर असेल तर तो आकाशपाळण्याबरोबर शेअर नको, पाळणा सुरू झाला की दरवेळी आमचा लाईट मान टाकतो. आणि जनरेटरवाला जेवायला कुठे बसतो ते बघून ठेवा!

अर्थिंगचं पण. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर, खाली जांभा कातळ, रॉड आत जात नाही, गेला तरी उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, अर्थिंग नावालाच. मग माईकला ओठ लागला की झिणझिण्या. हे हसण्यावारी नेऊ नका, जीव जाऊ शकतो. साऊंडचं सगळं एकाच बोर्डावरून घ्या, तीन पिनचा प्लग कापून दोन पिनचा करू नका, गायकाला देण्याआधी माईकची जाळी टेस्टरने तपासा, टेस्टर पेटला तर वायरमनला बोलवा, तोपर्यंत प्रोग्रॅम थांबला तर थांबला.

दमट हवेचं घाटावरच्या लोकांना खरं वाटत नाही. संध्याकाळी सुरात लावलेली ढोलकी दहा वाजेपर्यंत उतरते. डफ-ताशा शेकोटीवर शेकतात ते बघून आमच्या पोराने एकदा ढोलकी पण वड्यांच्या चुलीजवळ नेली, पानावरच्या काळ्या शाईला तडा गेला आणि वर ढोलकीला तीन दिवस कोंबडी-वड्यांचा वास. शाईचं पान जाळावर नाही न्यायचं, लांबून हेअर ड्रायर मारा, फक्त चालू गाण्यात नाही कारण व्होल्टेज आधीच १७० आहे. गिटारच्या तारा खाऱ्या हवेने एका सीझनमध्ये गंजतात, वाजवून झालं की सुक्या फडक्याने पुसा, एक्स्ट्रा सेट ठेवा. थंडीत मध्यरात्रीनंतर दंव पडतं, मिक्सरवर अक्षरशः पाणी, म्हणून वर छोटी ताडपत्री बांधायची, स्टेजला छप्पर असलं तरी मिक्सर बाहेर पब्लिकमध्ये असतो हे विसरता तुम्ही. आणि हॅलोजन गायकाच्या तोंडासमोर लावू नका. पाखरं. आमच्या गायिकेने "सख्या रे" म्हणताना एक गिळलं आणि तरी ताल सोडला नाही.

कोल्हापूर-कराडहून येणाऱ्यांनी आंबा घाट, कुंभार्ली, गगनबावडा उतरण्याआधी मिसळ खाऊ नये. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, आलेपाक द्या आणि गाण्यांची रिहर्सल घाटात करू नका. गायकांनी प्रोग्रॅमच्या आधी पेजेसारखं किंवा वरणभात असं साधं खावं. सागोती-वडे नंतर, ते तुमच्यासाठी काढून ठेवतातच, फक्त "नको" म्हणू नका, यजमानीण रागावते. पोट भरलं असेल तर सोलकढी तरी प्या.

गेल्या गेल्या साऊंड लावायला धावू नका, आधी ग्रामदेवतेला नारळ. गुरव गाऱ्हाणं घालतो, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, तुम्ही पण म्हणा. तुमच्या प्रोग्रॅमसाठीच चाललेलं असतं ते. स्टेज सभामंडपात असेल तर चपला बाहेर, ड्रमरचे बूट पण. फर्माईशच्या चिठ्ठ्या येतील, सोबत ५१ नाहीतर १०१ रुपये, त्यावरची नावं ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने वाचा. खालचीवाडीचं नाव आधी घेतलं म्हणून वरचीवाडी उठून गेली होती एकदा, खुर्च्यांसकट, कारण खुर्च्या त्यांच्या होत्या.

एवढं सगळं असून दरवर्षी दिवाळी झाली की आमच्यातला एकही जण नाही म्हणत नाही. जयगडला सकाळची पहिली फेरी पकडायची म्हणून आम्ही जेट्टीवर गाडीतच झोपतो, उठलो की कोरा चहा, बोटीवर आमच्यासारखेच रात्रभर जागलेले कोणीतरी असतात, एकदा पखवाज आणि पेटी घेतलेले डबलबारीवाले, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यातले, भेटले. त्यांच्या बुवांचा आवाज पूर्ण बसलेला, आमच्या गायकाचा पण. बोलता येत नसल्यामुळे दोघांनी हातवाऱ्यांनीच आदल्या रात्रीची सगळी हकीकत एकमेकांना सांगितली, पखवाजवाला मांडीवर ठेका धरून बसला होता आणि तवसाळ येईपर्यंत आमचा ढोलकीवाला त्याला बोटीच्या कठड्यावर उत्तर देत होता.

निघताना केबल मोजा. मोजूनच गुंडाळा, दमलात म्हणून "उद्या बघू" नको. मालवणजवळच्या एका गावात आमची वीस मीटरची माईकची केबल राहिली, वर्षभर मी साऊंडवाल्याला शिव्या घातल्या. पुढच्या वर्षी तिथलीच सुपारी आली, देवळामागे हात धुवायला गेलो तर सुपारीच्या दोन झाडांच्या मध्ये आमची केबल ताणून बांधलेली, वर लुंगी, टॉवेल आणि दोन परकर वाळत घातलेले. कपडे सुकेपर्यंत थांबलो, सोडवून घेतली, त्याच रात्री लावली. चालते अजून, एका टोकाला थोडी खरखर आहे.