मेंदूवर काम करायचंय म्हणणाऱ्या खान्देशी मुलामुलींसाठी

अमळनेर-चोपड्याकडून बीएस्सीच्या मुलामुलींचे फोन येतात. सुरुवात बहुधा एकच: ताई, मला मानसशास्त्रही आवडतं आणि बायोलॉजीही, न्यूरोसायन्सला, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या अभ्यासाला, जाऊ का? मी अमळनेर तालुक्यातली, झूऑलॉजीची बीएस्सी, आता बाहेरगावी एका लॅबमध्ये उंदरांच्या मेंदूवर काम करते. माझा उलटप्रश्न ठरलेला: माणसं बरी करायची आहेत, की एखाद्या प्रश्नाच्या मागे लागायचंय?

बरं करायचं असेल तर वाट वेगळी. एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी किंवा डीएनबी, नाहीतर मानसशास्त्रात एमए करून क्लिनिकलचं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. न्यूरोसायन्सच्या पीएचडीने गोळी लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. हे घरी आधीच सांगून ठेवा. आमची आजी अजून विचारते, "डोकानी डॉक्टर व्हयनी का वं तू?"

आता प्रश्नाच्या मागे लागायची वाट, म्हणजे लॅब. मेंदूच्या गोठवलेल्या तुकड्याचा क्रायोस्टॅटमध्ये (थंडीत पातळ काप काढणारं यंत्र), उणे वीस अंशांवर, चाळीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढ्या जाडीचा काप काढायचा. तो काप द्रावणात तरंगतो, कडेने गुंडाळतो. रंगकामाच्या बारीक ब्रशने त्याला काचपट्टीवर सरळ पसरवायचं; फाटला तर गेला. असे ढिगाने काप. दुसरं काम जाड कापांवरचं: गोल्जी पद्धतीने (हिच्यात मोजक्याच पेशी, पण फांद्यांसकट रंगतात) रंगवलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शोधायच्या आणि त्यांच्या फांद्या एकेक करून आखायच्या. कोणता उंदीर ताणातला आणि कोणता साधा हे आखणाऱ्याला कळू द्यायचं नाही; सोबतचं कुणीतरी पट्ट्यांवर सांकेतिक क्रमांक टाकतं आणि यादी आपल्याजवळ ठेवतं. कारण साधं आहे: ताणाने फांद्या आखडतात असं मनात धरून बसलं की डोळ्याला त्या आखडलेल्याच दिसतात. ज्यांना या कामाचा कंटाळा येईल त्यांनी लवकर ओळखावं, त्यात कमीपणा नाही.

या किचकट मोजणीतून काय हाती लागतं ते बघा. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञानाच्या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जींच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की दहा दिवस रोज दोन तास हालचाल रोखलेल्या उंदरांत आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधल्या काही पेशींच्या फांद्या आखडतात, पण भीतीशी संबंधित अमिग्डलात त्या उलट वाढतात. पुढे २००४ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. ताण थांबवून तीन आठवडे गेल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला होता, अमिग्डलातली वाढ मात्र तशीच होती. संकट टळून गेलं तरी माणसाची धास्ती का जात नाही, याचा एक धागा इथे सापडतो. धागाच म्हणते, कारण उंदराची भीती म्हणजे शेतकऱ्याच्या कर्जाची काळजी नव्हे. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या विदिता वैद्य यांच्या कामातून आणखी एक पेच पुढे आला: नैराश्यावरचं फ्लुऑक्सेटिन हे औषध उंदराच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत दिलं, तर ती मोठेपणी जास्त घाबरट होतात. तेच रसायन, पण वय बदललं की परिणाम फिरतो.

व्हॉट्सॲपवर येणारं मेंदूविज्ञान वेगळंच असतं. "नैराश्य म्हणजे सेरोटोनिन कमी पडणं" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल (सेरोटोनिन म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन). २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात त्याला सातत्यपूर्ण पुरावा सापडला नाही. लगेच दुसऱ्या टोकाचे मेसेज फिरले, की गोळ्या म्हणजे थापा. पण २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या आणि प्रौढांच्या नैराश्यात २१ च्या २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली होती, काही थोडीच. कारण नीट कळलेलं नसलं तरी औषध उपयोगी पडू शकतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवता येत नसतील, तर हे क्षेत्र जड जाईल.

म्हणून मी सगळ्यांना आधी संख्याशास्त्र शिका म्हणते, मेंदूच्या भागांची नावं नंतर पाठ होतात. मेलेल्या सॅमन माशाचा किस्सा ठाऊक नसेल तर वाचाच. २००९ मध्ये क्रेग बेनेट यांनी दुकानातून आणलेला मासा एफएमआरआयमध्ये (मेंदूचा कोणता भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि त्यांच्या भावना ओळखायला सांगितल्या. स्कॅनमधले हजारो ठिपके एकाच वेळी तपासताना करायची दुरुस्ती वगळली, तर माशाच्या मेंदूत "हालचाल" दिसली! २०१२ चं न्यूरोसायन्सचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, त्यालाच मिळालं. २०२२ मध्ये नेचरमध्ये स्कॉट मॅरेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मेंदूच्या स्कॅनचा स्वभावाशी किंवा मानसिक त्रासाशी संबंध भरवशाने जोडायला हजारो माणसं लागतात. पंचवीस जणांच्या स्कॅनवरून "आळशी माणसाचा मेंदू असा असतो" छापून आलं, की मी पुढचं पान उलटते.

वाटा थोडक्यात. एमएस्सीसाठी आयआयटी-जॅम आणि गॅट-बी या प्रवेशपरीक्षा बघा. पीएचडीसाठी सीएसआयआर-नेट किंवा टीआयएफआर-एनसीबीएसची जेजीबील्स परीक्षा. मानेसरचं एनबीआरसी आणि बंगळुरूचं निमहान्स ही मेंदूवर काम करणाऱ्या संस्थांची दोन नावं आत्तापासून माहीत असू द्या. जेआरएफ (पीएचडी करणाऱ्यांना मिळणारी फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० रुपये, घरभाडं वेगळं. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप बीएस्सीतच भरा, आपल्याकडची मुलं ती भरतच नाहीत. पायथन किंवा आर या संगणकभाषा शिकायला पुण्याला क्लास लावायची गरज नाही. ॲलन ब्रेन ॲटलस हा मेंदूचा ऑनलाइन नकाशा उघडायलाही पैसे लागत नाहीत.

गावी आलात की लोक गोळ्यांची पाकिटं घेऊन येतील, भगताकडे जाऊन आलेलेही येतील. ऐकून घ्या. पण "ही बंद करू का?" ला उत्तर देऊ नका, ज्यांनी लिहून दिली त्यांच्याकडेच पाठवा. कुणाची झोप उडालेली असेल, मन लागत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

प्रवेशाच्या मुलाखतीत व्याख्या फारशा विचारत नाहीत. तुमचा बीएस्सीचा प्रोजेक्टच खणतात: कंट्रोल (तुलनेचा गट) कोणता होता, नमुने एवढेच का, निकाल उलटा आला असता तर काय म्हटलं असतं. प्रोजेक्ट रावेरच्या केळीवरच्या करप्याचा असला तरी चालतो, फक्त आकडे स्वतः मोजलेले हवेत. मुलाखतीचा निकाल लागायला वेळ जातो; तोवर दुसऱ्या एखाद्या संस्थेचा अर्ज भरून ठेवा.