जुन्या फोनवर जीमेलचा पासवर्ड चालत नसेल तर

जुन्या फोनमधल्या 'ईमेल' ॲपमध्ये जीमेलचा पासवर्ड बरोबर टाकूनही 'पासवर्ड चुकीचा' असंच येतंय? मग पासवर्ड बदलत बसू नका. मे २०२२ अखेरीस गूगलने जुन्या ॲपना नेहमीच्या पासवर्डवर आत घेणं बंद केलं.

उपाय म्हणजे ॲप पासवर्ड, अशा ॲपमध्ये नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायला गूगल देतं तो वेगळा पासवर्ड. कॉम्प्युटरवर गूगल खात्यात आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतरची दुसरी पडताळणी) चालू करा. त्याशिवाय हा पर्याय मिळत नाही. मग ॲप पासवर्ड तयार करा. १६ अक्षरं मिळतात. चार-चारच्या गटांत दिसली तरी मध्ये जागा न सोडता सलग टाका. खिडकी बंद केली की तो पुन्हा दिसत नाही, तेव्हा आधी फोनमध्ये भरा.

सर्व्हर हाताने भरायचा असेल तर येणाऱ्या मेलसाठी आयमॅप (मेल आणण्याची पद्धत) हा प्रकार, पोर्ट ९९३, जाणाऱ्यासाठी पोर्ट ४६५, दोन्हीकडे सुरक्षेसाठी एसएसएल निवडा. मेल येते पण जात नाही? जाणाऱ्या सर्व्हरखालची 'साइन-इन आवश्यक' ही खूण बहुधा राहिलेली असते. सर्व्हरच्या सर्टिफिकेटची (ओळखपत्राची) तक्रार आली तर आधी फोनची तारीख बघा. कपाटात पडून राहिलेले फोन हमखास मागच्याच कुठल्यातरी वर्षात असतात.

पुढे गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात तर ॲप पासवर्ड रद्द होतो, नवा काढावा लागतो.