कायद्याच्या पदवीनंतरचे मार्ग : निवड कशी करावी, क्रम कसा लावावा

कायद्याची पदवी हाती आल्यावर कोणते क्षेत्र निवडावे याची चर्चा पुष्कळ होते, परंतु कोणती पायरी आधी चढावी याचा विचार फारसा होत नाही. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. काही पदांसाठी वकिलीची सनद लागते, काहींसाठी सनदेनंतरची प्रत्यक्ष वकिलीची वर्षे मोजली जातात, काही संधी वयोमर्यादेमुळे लवकर हातातून जातात, तर काही नोकऱ्या स्वीकारताना सनद स्थगित ठेवावी लागते. हा क्रम चुकला तर हुशार विद्यार्थ्यालाही दोन-तीन वर्षे मागे यावे लागते. पुढील मार्गदर्शन मुख्यतः महाराष्ट्रात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्या वकिलांसाठी आहे.

सनद लवकर घ्यावी

न्यायालयात उभे राहण्याचा विचार नसला तरी पदवीनंतर लगेच महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करून घ्यावी, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने सांगतो. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 24 मध्ये नोंदणीचे शुल्क ठरवून दिलेले आहे: सर्वसाधारण उमेदवारासाठी राज्य व अखिल भारतीय बार कौन्सिल मिळून 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारासाठी 125 रुपये. अनेक राज्यांत त्यावर कितीतरी पटींनी अधिक रक्कम घेतली जात असे. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातील शुल्काहून अधिक नोंदणी शुल्क आकारता येणार नाही असा निर्णय दिला. मुद्रांक शुल्क वेगळे लागते. ज्यांच्या घरी कायद्याची पदवी घेणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांच्यासाठी हा निर्णय मोठा दिलासा आहे.

नोंदणीबरोबरच अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. तिच्यात 100 बहुपर्यायी प्रश्न असतात आणि टिपणे नसलेल्या मूळ कायद्यांच्या प्रती सोबत नेता येतात. परीक्षा अवघड नाही, पण ज्याने मूळ कायदा कधी उघडलाच नाही त्याला पुस्तक समोर असूनही कलम सापडत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले असले, तरी त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले अजून बरीच वर्षे जुन्या दंड संहितेखालीच चालतील. त्यामुळे जुन्या आणि नव्या कलमांचा मेळ घालण्याची सवय याच काळात लावून घ्यावी.

पहिली तीन वर्षे जिल्हा किंवा तालुका न्यायालयात

सनद मिळाल्यानंतरची पहिली तीन वर्षे एखाद्या चांगल्या सिनिअरकडे, कनिष्ठ न्यायालयात काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. उच्च न्यायालयातील युक्तिवाद ऐकायला सुंदर वाटतात, परंतु दावा कसा मांडला जातो, कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) काय नाकारायचे राहून जाते, मनाई हुकमाच्या अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडावी लागतात आणि उलटतपासणीत एक जादा प्रश्न विचारल्याने साक्ष कशी फिरते, हे सारे खालच्या न्यायालयातच दिसते. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांचे बरेचसे कामकाज मराठीत चालते. मराठीत नेमकी, आटोपशीर कैफियत लिहिता येणारा ज्युनिअर लवकर उपयोगाचा ठरतो, आणि ही गोष्ट इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांनी विशेष लक्षात घ्यावी.

या वर्षांत पैसे फार कमी मिळतात, ही या व्यवसायाची खरी अडचण आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये भारतीय बार कौन्सिलने ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली, पण ती बंधनकारक नाही. म्हणून सिनिअरकडे जाण्यापूर्वी मानधनाबद्दल संकोच न करता विचारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या कार्यालयात ज्युनिअरला स्वतः साक्षीदार तपासण्याची संधी मिळते का, हे तिथे आधी काम केलेल्या वकिलांना विचारून घ्यावे. तीन वर्षे केवळ तारखा घेण्यात गेली, तर त्या अनुभवाला कागदावर किंमत असली तरी हाताला वळण लागत नाही.

न्यायाधीश, सरकारी अभियोक्ता, लोक अभिरक्षक

दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी या पदाची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा आणि मुलाखत असे तिचे टप्पे आहेत. पूर्वी नुकतेच पदवीधर झालेले उमेदवारही तिला बसत. 20 मे 2025 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. हा काळ तात्पुरत्या, म्हणजे बार परीक्षा उत्तीर्ण होण्यापूर्वी मिळणाऱ्या, नोंदणीच्या तारखेपासून मोजला जातो आणि न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही त्यात धरले जाते. सनद लवकर घ्यावी असे वर म्हटले त्याचे मोठे कारण हेच आहे. पात्रतेच्या तपशिलासाठी मात्र प्रत्येक वेळी आयोगाची ताजी जाहिरातच वाचावी.

ज्यांना न्यायाधीश व्हायचे आहे पण वकिलीही मनापासून आवडते, त्यांनी राज्यघटनेचा अनुच्छेद 233 लक्षात ठेवावा. किमान सात वर्षे वकिली केलेली व्यक्ती थेट जिल्हा न्यायाधीशपदासाठी पात्र ठरू शकते. म्हणजे पहिल्याच परीक्षेत यश आले नाही म्हणून न्यायदानाचा मार्ग बंद होत नाही.

फौजदारी कामाची आवड असणाऱ्यांनी सहायक सरकारी अभियोक्ता या पदाचा विचार करावा. हे अभियोक्ते दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात राज्याची बाजू मांडतात. सत्र न्यायालयातील सरकारी अभियोक्ता व अतिरिक्त सरकारी अभियोक्ता यांच्यासाठी सात वर्षांच्या वकिलीची अट आहे.

याच न्यायालयात समोरच्या बाजूला आता लोक अभिरक्षक कार्यालय आहे, आणि ही व्यवस्था विद्यार्थ्यांना पुरेशी माहीत नाही याचे मला वाईट वाटते. ज्या आरोपीला वकील परवडत नाही त्याला मोफत विधी सहाय्य देणे राज्यघटनेच्या अनुच्छेद 39-अ आणि विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार राज्याचे कर्तव्य आहे. पूर्वी हे काम पॅनेलवरील वकिलांकडे प्रकरणागणिक दिले जाई. आता अनेक जिल्ह्यांत मुख्य, उप आणि सहायक लोक अभिरक्षक पूर्णवेळ नेमले जातात. सहायक पदासाठी नवोदित वकीलही अर्ज करू शकतात. नेमणूक कंत्राटी असते आणि खासगी वकिली करता येत नाही. तरीही रिमांडपासून अपिलापर्यंत इतकी प्रकरणे इतक्या लवकर स्वतःच्या हाताने चालवण्याची संधी क्वचितच अन्यत्र मिळते.

जमीन, गृहनिर्माण आणि सहकार

न्यायालयाबाहेरच्या कामांत महाराष्ट्रातील वकिलांसाठी सर्वांत भरीव क्षेत्र माझ्या मते जमिनीचे आहे, आणि महाविद्यालयात ते सर्वांत कमी शिकवले जाते. एखाद्याला शेतजमीन घ्यायची असते, तेव्हा वकिलाकडे मालकी हक्काच्या शोधाचे काम येते. केवळ चालू सातबारा पाहून भागत नाही. जुने सातबारे आणि त्यांवर नमूद असलेला प्रत्येक फेरफार काढून मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याची साखळी जुळवावी लागते. दुय्यम निबंधक कार्यालयात साधारण तीस वर्षांच्या सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीचा, शोध घ्यावा लागतो. वारस नोंदीत बहिणींची नावे आहेत का, नसतील तर त्यांचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का, इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, जमीन भोगवटादार वर्ग दोनची असल्याने विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागेल का, कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर बंधन घालणाऱ्या कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा आहे का, हे एकेक करून तपासायचे असते. त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवल्या जातात आणि शेवटी शोध अहवाल लिहिला जातो. त्या अहवालावर विसंबून एखादे कुटुंब आयुष्यभराची बचत गुंतवते. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये त्याबद्दलचा संभ्रम दूर केला. तेव्हापासून तर बहिणींच्या हिश्शाकडे दुर्लक्ष करून दिलेला अहवाल धोक्याचाच ठरतो.

हे काम शिकण्यासाठी तलाठी कार्यालय, भूमी अभिलेख कार्यालय आणि तहसीलदारांपुढील सुनावणी यांची ओळख हवी, तसेच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 आणि नोंदणी कायदा नीट वाचलेला हवा. एखाद्या अनुभवी वकिलासोबत काही महिने दप्तर शोधायला गेल्याशिवाय ते केवळ पुस्तकातून येत नाही. मोडी लिपी वाचता येत असेल तर जुन्या दस्तांसाठी तिचा मोठा उपयोग होतो.

शहरांत याच कामाचे दुसरे रूप दिसते. गृहनिर्माण संस्थांचे मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावे करून न दिल्यास सक्षम अधिकाऱ्याकडून ती मिळवणे), पुनर्विकासाचे करार, महारेरा या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडील तक्रारी आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 91 खालील सहकार न्यायालयातील वाद, हे सर्व मिळून एका वकिलाला पूर्णवेळ पुरेल एवढे काम आहे. पुनर्विकासाच्या करारात सभासदाला भाडे कधीपासून मिळणार आणि बँक हमी किती रकमेची, ही दोन कलमे नीट लिहिणारा वकील शेकडो कुटुंबांचे नुकसान टाळतो.

नोकरी आणि स्थगित सनद

कंपन्यांच्या विधी विभागात, बँकांत आणि विमा संस्थांत कायदा पदवीधरांना स्थिर पगार मिळतो. सरकारी बँकांतील विधी अधिकारी या पदासाठी आयबीपीएस या बँक भरती संस्थेमार्फत परीक्षा होते. तिथे सनद असणे आवश्यक आहे आणि वयोमर्यादा सर्वसाधारणपणे 30 वर्षे आहे. कंपनीतील काम प्रामुख्याने करार वाचणे, दुरुस्त करणे आणि अटींच्या पालनावर लक्ष ठेवणे असे असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मुळे माहितीच्या गोपनीयतेचे कामही त्यात आले आहे. ज्याला न्यायालयातल्या तारखांपेक्षा टेबलावरचा मसुदा अधिक सुखावतो, त्याने हा मार्ग बिनधास्त निवडावा. त्यात काही कमीपणा नाही.

मात्र भारतीय बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्या व्यक्तीला वकिली करता येत नाही. नोकरी स्वीकारल्यावर बार कौन्सिलला तसे कळवून सनद स्थगित ठेवावी लागते आणि तो काळ सामान्यतः वकिलीच्या अनुभवात धरला जात नाही. न्यायाधीशपदाची इच्छा असताना आधी कंपनीत जाणाऱ्यांनी ही गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी. कायदा शिकवण्याबाबत नियम थोडा उदार आहे: दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवूनही वकिली चालू ठेवता येते. पूर्णवेळ प्राध्यापक होण्यासाठी एलएलएम आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापक पात्रता परीक्षा हा मार्ग आहे.

थोडक्यात आणखी काही वाटा

पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते, म्हणून बी.एस्सी. किंवा बी.ई. नंतर कायद्याकडे वळलेल्यांनी ही संधी दवडू नये. सैन्याच्या जज ॲडव्होकेट जनरल या विधी शाखेसाठी कायद्याच्या पदवीत 55 टक्के गुण आणि 21 ते 27 वर्षे वय ही अट असल्याने तिची तयारी पदवीच्या काळातच सुरू करावी. धोरणविषयक कामाची ओढ असणाऱ्यांसाठी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संसदीय अभ्यास संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, जिच्यात तरुण पदवीधर एका खासदारासोबत काम करतात. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती आणि तिच्यात एक बाहेरचा सदस्य आवश्यक असतो. या विषयाचा खरा अभ्यास असलेल्या वकिलांची तिथे गरज आहे. न्यायनिर्णयांचे आणि करारांचे मराठी भाषांतर हेही गंभीर, सन्मानाचे काम आहे. मध्यस्थी अधिनियम, 2023 मुळे मध्यस्थांच्या प्रशिक्षणाला महत्त्व आले आहे, पण पक्षकारांचा विश्वास मिळवायला काही वर्षांची वकिली पाठीशी असावी लागते. नोटरीसाठी तर दहा वर्षांचीच अट आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीय उमेदवारांना ती सात वर्षांची आहे.

निवड करण्यापूर्वी काम पाहून घ्यावे

बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप करावी लागते. बरेच विद्यार्थी हे आठवडे केवळ प्रमाणपत्रासाठी घालवतात. त्याऐवजी एक सत्र तालुका न्यायालयात, एक कंपनीच्या विधी विभागात, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आणि एक महसुली काम करणाऱ्या वकिलाकडे काढावे. प्रत्येक ठिकाणी त्या व्यक्तीचा दिवस नेमका कशात जातो ते टिपून ठेवावे: किती वेळ वाचनात, किती वाट पाहण्यात, किती अशिलाशी बोलण्यात आणि किती लिहिण्यात. निर्णय घेताना पदाच्या नावापेक्षा या टिपणांवर अधिक भरवसा ठेवावा.

वकिली सुरू केल्यावर पहिल्या दिवसापासून नोंदी जपाव्यात. शक्य असेल तिथे सिनिअरच्या वकीलपत्रावर स्वतःचेही नाव घालून घ्यावे. स्वतः चालवलेल्या कामाच्या रोजनाम्याची (न्यायालयाच्या त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीची) आणि आदेशाची प्रत वेगळ्या फायलीत लावावी. न्यायाधीशपदाच्या परीक्षेसाठी लागणारा अनुभवाचा दाखला किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाकडून घेऊन त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा घ्यावा लागतो, आणि अर्जाची मुदत संपत आलेली असताना तीन वर्षांपूर्वीच्या तारखा शोधत बसणे फार त्रासाचे होते.