फुफ्फुसातले ॲस्बेस्टॉसचे फायबर मोजताय? या चुका टाळा

"फायबर सापडले नाहीत, म्हणजे ॲस्बेस्टॉसचा काही संबंध नाही." मिरजेत लॅबमध्ये बसून हे इतक्यांदा ऐकलंय की आधी तेच घेतो, कारण ह्या एका वाक्यानं घरच्या लोकांचा नुकसानभरपाईचा क्लेम तिथंच थांबतो. आपल्याकडं जास्त वापरलं गेलं ते पांढरं ॲस्बेस्टॉस, क्रायसोटाइल, आणि त्याचे फायबर फुफ्फुसात तुटतात, विरघळतात, बरेचसे निघूनही जातात, तर निळं आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस वर्षानुवर्षं तिथंच रुतून बसतं. आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागतात आणि आपण मोजतो ते त्यानंतर. म्हणून जास्त आकडा आला तर तो पुरावा धरा, पण कमी आला म्हणून माणसानं ते काम केलंच नाही असं म्हणू नका. ॲस्बेस्टॉसच्या आजारांच्या निदानासाठीचे हेलसिंकीचे १९९७ चे आंतरराष्ट्रीय निकष (२०१४ मध्ये अपडेट झालेत) हेच सांगतात, क्रायसोटाइलच्या बाबतीत कामाचा इतिहास मोजणीपेक्षा भरवशाचा.

आणि तो इतिहास विचारायची पण एक पद्धत असते. साखर कारखान्यातून रिटायर झालेले एक काका म्हणाले, "ॲस्बेस्टॉस? नाय बा, मी फिटर होतो." मग विचारलं, काका बॉयलरच्या पाइपाला काय गुंडाळायचा? "हां, ती पांढरी दोरी व्हय, ती तर रोज ब्लेडनं कापायचो, भुसकट उडायचं, टॉवेलानं तोंड पुसायचं आणि परत कामाला." नाव माहीतच नसतं हो लोकांना, त्यामुळं दोरी, पत्रा, लॅगिंग (पाइपावरचं उष्णता अडवणारं आवरण), ब्रेक लायनर असं विचारा.

आता लॅबमधलं. नखाएवढी बायॉप्सी घेऊन मोजणी मागू नका, फायबर सगळीकडं सारखे पसरलेले नसतात, फुफ्फुसाच्या वरच्या लोबमध्ये (भागात) एक आकडा आणि खालच्यात दुसराच. ऑपरेशन किंवा पोस्टमॉर्टेममधले तुकडे असतील तर दोन-तीन जागचे घ्या आणि गाठीतला तुकडा टाळा, तिथं फुफ्फुस उरलेलंच नसतं.

ब्लँक, म्हणजे टिश्यू न घालता केलेली तीच चाचणी, न लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, माझ्याकडूनही झालीय. टिश्यू ब्लीचमध्ये विरघळवायचा, उरलेलं फिल्टरवर घ्यायचं आणि मोजायचं, ऐकायला सोपंय, पण एकदा नुसत्या ब्लीचच्या ब्लँकमध्येच फायबर दिसले आणि आधीची सगळी बॅच परत करावी लागली. ब्लीच, फॉर्मलिन, पाणी सगळं आधी बारीक फिल्टरमधून गाळून घ्या, प्रत्येक बॅचला रिकामी बाटली लावा, आणि लॅबच्या डोक्यावर जुना सिमेंटचा पत्रा असेल तर आधी तिकडं बघा.

आपल्या भागातला खास घोटाळा पुढचा. सोनेरी-तपकिरी, दोन्ही टोकांना गोळे असलेली काडी दिसली की ॲस्बेस्टॉस बॉडी (लोखंडाचं आवरण चढलेला ॲस्बेस्टॉसचा फायबर) म्हणून मोजतात, पण लोखंडाचं तसलंच आवरण कोळशाच्या, धुराच्या कणांवरही चढतं. मधली काडी पारदर्शक हवी, काळी असेल तर सोडा. चुलीपुढं आयुष्य गेलेल्या बायका, कराडकडच्या गुऱ्हाळावरचे कामगार, ह्यांच्यात हे ध्यानात ठेवायलाच हवं. शिवाय उसाची पाचट जाळली की सिलिकाचे बारीक फायबर हवेत जातात, लांब आणि बारीक, अगदी ॲस्बेस्टॉससारखे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला ईडीएक्स (फायबरमध्ये कुठली मूलद्रव्यं आहेत ते दाखवणारं यंत्र) जोडून बघा, नुसतं सिलिकॉन आलं तर ते उसाचं असू शकतं, क्रायसोटाइलमध्ये सिलिकॉनबरोबर मॅग्नेशियम यायलाच पाहिजे, आणि निळ्या-तपकिरीत लोखंड.

साध्या मायक्रोस्कोपवर तर भरवसा ठेवूच नका, ०.२ मायक्रॉनपेक्षा बारीक त्यात दिसत नाही आणि क्रायसोटाइलचा सुटा धागा ०.०३ च्या आसपास असतो.

आकडा लिहिताना ओलं वजन की कोरडं हे लिहा, दोन्हीत साधारण दहापट फरक पडतो. जास्त आकडा कशाला म्हणायचं याचा हेलसिंकीचा निकष असा की कोरड्या टिश्यूच्या एका ग्रॅममध्ये १,००० पेक्षा जास्त ॲस्बेस्टॉस बॉडी, म्हणजे ओल्यात १००, किंवा पाच मायक्रॉनपेक्षा लांब निळे-तपकिरी फायबर एक लाखाच्या वर. ओल्याचा आकडा कोरड्याच्या निकषाला लावला की खरा पेशंट सरळ निगेटिव्ह होतो. दुसऱ्या लॅबच्या नॉर्मलशी पण तुलना नको, प्रत्येकाची पद्धत वेगळी, त्यामुळं नॉर्मलही आपापलं काढावं लागतं.

आणि एक कळकळीनं सांगतो, जिवंत माणसाची छाती फक्त मोजणीसाठी उघडू नका. कामाचा इतिहास आणि एचआरसीटी (छातीचा बारकाईनं केलेला सीटी स्कॅन) यावर बहुतेक वेळा निदान होतं. मुंबई-ठाण्याच्या ॲस्बेस्टॉस फॅक्टरीत नोकरी करून माण-खटावला परत आलेले कितीतरी जण आहेत, त्यांनी आधी कंपनीकडं मेडिकल रेकॉर्ड मागावं. सुप्रीम कोर्टानं जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलंय, कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, ह्यातलं जे नंतर येईल तोपर्यंत रेकॉर्ड जपायचं.

ऑपरेशन दुसऱ्या कारणानं झालंच असेल तर पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेला टिश्यूचा तुकडा) टाकून देऊ नका, झायलीननं मेण काढून नंतरही मोजता येतं. ब्लॉकबरोबरच्या कागदावर कुठला लोब, कुठल्या साली कुठल्या खात्यात काम, आणि दोरी होती का पत्रा, एवढं पेननं लिहून ठेवा.