दिव्यांग कर्मचारी नेमताना नियोक्त्याला मिळणाऱ्या सरकारी सवलती

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३५ नुसार, खासगी आस्थापनांतील किमान पाच टक्के कर्मचारी लक्षणीय दिव्यांगत्व असलेले असावेत यासाठी सरकारने नियोक्त्यांना प्रोत्साहन द्यायचे आहे. मात्र हे सरकारने ‘आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ करायचे आहे, असेही तेच कलम म्हणते. त्यामुळे आपल्या वाट्याला नेमके काय येते, हे प्रत्येक सवलतीची अट वाचूनच ठरवावे लागते.

सुरुवात उमेदवाराच्या कागदपत्रांपासून करावी. लक्षणीय दिव्यांगत्व म्हणजे कायद्याच्या अनुसूचीतील २१ प्रकारांपैकी एखादे, प्रमाणित केलेले किमान ४० टक्के दिव्यांगत्व. यूडीआयडी कार्डावरील (दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्रावरील) पट्टा पिवळा असल्यास ते ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असते, निळा असल्यास ८० टक्के किंवा अधिक. पांढरा असल्यास ४० टक्क्यांहून कमी. प्रमाणपत्र कायमस्वरूपी आहे की ठरावीक मुदतीचे, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण मुदत मध्येच संपली तर पुढच्या प्रत्येक दाव्यात अडचण येते.

यातील मुख्य सवलत भविष्य निर्वाह निधी आणि राज्य कामगार विमा यांतील नियोक्त्याच्या वर्गणीची आहे. १ एप्रिल २००८ पासून लागू झालेल्या केंद्रीय योजनेनुसार, महिना २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी ही वर्गणी पहिली तीन वर्षे केंद्र सरकारने भरायची, आणि भविष्य निधीचे प्रशासकीय शुल्क तेवढे नियोक्त्याने सोसायचे, अशी मूळ रचना होती. सध्याची मुदत, वेतनमर्यादा आणि दाव्याची पद्धत भविष्य निधीच्या व विमा महामंडळाच्या स्थानिक कार्यालयाकडून लेखी मागवावी; तोंडी आश्वासनावर वेतनाचा हिशेब बसवू नये.

रक्कम किती होते, ते एका उदाहरणावरून पाहू. कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १८,००० रुपये आहे आणि भविष्य निधीची वर्गणी १५,००० रुपयांच्या वैधानिक मर्यादेवर भरली जाते, असे समजा. १२ टक्क्यांनी नियोक्त्याचा वाटा १,८०० रुपये होतो, त्यापैकी १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात. विम्याची ३.२५ टक्के वर्गणी ५८५ रुपये. एकूण महिना २,३८५, म्हणजे वर्षाला २८,६२० रुपये. लहान कारखान्याला हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही, पण केवळ त्यासाठी कोणी भरती करावी एवढा मोठाही नाही. विम्याची वेतनमर्यादा सर्वसाधारणपणे २१,००० असली तरी दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी ती २५,००० आहे, हे वेतन विभागाला आवर्जून सांगावे. यूएएन (कर्मचाऱ्याचा भविष्य निधी खाते क्रमांक) तयार करताना दिव्यांगत्वाचा रकाना बरोबर भरावा. तो ‘नाही’ असा राहिला तर पुढे दावा करताना कागदपत्रे जुळवत बसावे लागते.

दुसरा मार्ग प्राप्तिकराचा. १९६१ च्या कायद्यातील कलम ८०जेजेएए नुसार नव्याने वाढलेल्या कर्मचारीखर्चाच्या ३० टक्के रकमेची वजावट तीन वर्षे मिळते. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला आहे, म्हणून सनदी लेखापालाकडून खात्री करावी. ही वजावट दिव्यांगांपुरती नाही. तिच्यासाठी लेखापरीक्षण बंधनकारक असलेला व्यवसाय, २५,००० पर्यंतचे मासिक वेतन, वर्षात सर्वसाधारणपणे २४० दिवसांची नोकरी आणि एकूण कर्मचारीसंख्येत वाढ, अशा अटी आहेत. मात्र ज्या कर्मचाऱ्याची निवृत्तिवेतन योजनेतील संपूर्ण वर्गणी सरकार भरते, तो या वजावटीत धरला जात नाही. त्यामुळे एकाच कर्मचाऱ्यावर दोन्ही लाभ जोडण्याचा बेत आखण्यापूर्वी हिशेब करावा. वरील उदाहरणात वार्षिक वेतन २,१६,००० रुपये, वजावट ६४,८०० आणि २५ टक्के दराने वाचणारा कर, अधिभार व उपकर सोडून, १६,२०० रुपये. म्हणजे वर्गणीची सवलत खरोखर हाती पडत असेल तर तीच अधिक लाभाची. तिच्याबाबत शाश्वती नसेल तर वजावट घेणे शहाणपणाचे.

महाराष्ट्रात ४० टक्के किंवा अधिक कायमस्वरूपी दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्याला व्यवसायकर माफ आहे. हा लाभ कर्मचाऱ्याचा असला तरी कपात नियोक्त्यानेच थांबवायची असते, आणि कित्येक ठिकाणी ती केवळ सवयीने चालू राहते.

सवलती मागताना स्वतःची बाजू पूर्ण असावी. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करून त्याची प्रत दिव्यांग व्यक्तींसाठीच्या मुख्य आयुक्त किंवा राज्य आयुक्तांकडे नोंदवायची आहे. २० किंवा अधिक कर्मचारी असल्यास त्यात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक हेही हवे. कायद्याच्या उल्लंघनाला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

उमेदवार शोधण्यासाठी केंद्र सरकारच्या पीएम-दक्ष संकेतस्थळावरील दिव्यांगजन रोजगार सेतू हा नोकरीविषयक विभाग आणि मुंबईतील दिव्यांगांसाठीचे राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र उपयोगी पडते. पदाची माहिती देताना ‘उभे राहून काम’, ‘पायऱ्या’, ‘फोनवर बोलणे’ यांपैकी खरोखर काय आवश्यक आहे तेवढेच लिहावे, कारण विनाकारण घातलेल्या एका अटीमुळे योग्य उमेदवार अर्जच करत नाहीत.