प्राचीन चीनवर लिहिताय? मग या चुका टाळा

राजघराण्यांची यादी पाठ करायची आणि प्रत्येकापुढे एकेक तत्त्वज्ञान चिकटवायचं, ही नवशिक्यांची सगळ्यात लाडकी चूक. झोऊ म्हणजे कन्फ्यूशियस (नीती आणि संस्कारांवर भर देणारा विचारवंत), छिन म्हणजे कायदावाद (कडक कायदे आणि शिक्षा यांच्या जोरावर राज्य चालवायचा विचार), हान म्हणजे पुन्हा कन्फ्यूशियस. झालं, प्रकल्प तयार!

एका महाविद्यालयीन स्पर्धेला परीक्षक होतो. एका गटाचं भित्तिचित्र फार देखणं होतं. मधोमध छिन सम्राटाने केलेली ग्रंथांची होळी, बाजूला हताश उभा कन्फ्यूशियस. मी विचारलं, हा इथे काय करतोय? उत्तर आलं, "सर, त्याची पुस्तकं जाळली ना!" अरे बाबांनो, तो इ.स.पू. ४७९ मध्ये वारला आणि होळी झाली इ.स.पू. २१३ मध्ये. मधे तब्बल २६६ वर्षं. बरं, सगळीच पुस्तकं जाळली असंही नाही. वैद्यक, शेती आणि शकुनाच्या ग्रंथांना हुकमातून सूट होती. चित्र रंगवायला आठवडा गेला असेल. दोन सनांची वजाबाकी करायला मात्र कुणाला सवड झाली नाही.

हीच गत कायदावादाची. शांग यांग या कायदावादी मंत्र्याने छिन राज्यात सुधारणा सुरू केल्या इ.स.पू. ३५६ च्या सुमारास. पाच-पाच, दहा-दहा घरांचे गट पाडले. एकाने गुन्हा केला आणि बाकीच्यांनी लपवला, तर सगळ्यांना शिक्षा. छिन साम्राज्य उभं राहिलं त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. हानांचंही तेच. सम्राट वूने कन्फ्यूशियसपंथी ग्रंथांना दरबारात मान दिला खरा, पण मीठ आणि लोखंडाचा धंदा सरकारच्या ताब्यात घेणारा तोच. त्याच्या पश्चात, इ.स.पू. ८१ मध्ये, यावरून दरबारात जंगी वाद झाला. पंडित म्हणाले, सरकारने प्रजेशी नफ्यासाठी झगडू नये. अधिकाऱ्यांनी विचारलं, मग सीमेवरच्या फौजेचा खर्च कुठून काढायचा? मिठाची मक्तेदारी राहिलीच. आता सांगा, हे राज्य कुठल्या रकान्यात बसवणार?

मी स्वतः घराण्यांचा तक्ता उघडतच नाही. आधी विचारवंताचं नाव, मग त्याचं राज्य (लू, छिन, छू), मग सन. घराणं सगळ्यात शेवटी, तेही पेन्सिलने. कारण कन्फ्यूशियसच्या हयातीत झोऊ राजा नावापुरताच उरला होता. खरी सत्ता लहान-मोठ्या राज्यांकडे होती, आणि हे विचारवंत तिथेच नोकरी शोधत फिरायचे. पद्धत वेळखाऊ आहे, कबूल. पाच मिनिटांत 'संपूर्ण चीन' उरकणारे व्हिडिओ बघून लिहायचं असेल तर तुमची मर्जी.

बाकीच्या चुका किरकोळ, पण डोक्यात जाणाऱ्या. ताओ मताचा प्रणेता मानल्या जाणाऱ्या लाओत्सेपुढे जन्मसाल ठोकून देऊ नका. तो खरंच होऊन गेला का, यावरच अभ्यासकांचं एकमत नाही. व्हॉट्सॲपवरची युद्धशास्त्रकार सुन त्झूची वचनं उचलू नका. इ.स.पू.चे आकडे उतरत जातात, हे पदवीधरांनाही सांगावं लागतं! आणि छिन शी हुआंग या पहिल्या छिन सम्राटाची भिंत म्हणून कितीतरी शतकांनंतरच्या मिंगकालीन विटांच्या तटाचा फोटो लावू नका. त्याची भिंत मुख्यतः धुम्मस केलेल्या मातीची आणि दगडांची होती.