घड्याळ एक तास पुढे जातं तेव्हा झोपेच्या या चुका टाळा

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ ३ वर जातं. २००७ पासून हाच नियम आहे, तरीही दर वर्षी सोमवारी अनेक मराठी घरांत तीच तारांबळ उडते. तास सगळ्यांचाच जातो, पण तो भरून काढण्याच्या नादात लोक आठवडा घालवतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शनिवारी रात्री एकदम तासभर लवकर झोपायला जाणं. रोज ११ ला झोपणारा माणूस १० ला दिवा मालवतो आणि पाऊण तास छताकडे बघत पडतो. नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत सावध असतं. त्या वेळी झोप ओढून आणता येत नाही. म्हणून आधी उठण्याची वेळ सरकवा. साडेसहाला उठत असाल तर बुधवारी सव्वासहा, गुरुवारी ६, शुक्रवारी पावणेसहा, शनिवारी साडेपाच. रविवारी नव्या घड्याळात तेच साडेसहा असतात. झोपण्याची वेळ मागोमाग येते. रात्रीचं जेवणही रोज पंधरा मिनिटं अलीकडे घ्या. नऊला वरणभात आणि दहाला झोप हे जमत नाही. चार दिवस कोण पाळणार, असं म्हणणारेच पुढच्या शुक्रवारपर्यंत पेंगत असतात.

रविवारी ९ पर्यंत लोळणं ही दुसरी चूक. उठल्यानंतरचा सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ पुढे आणतो, संध्याकाळचा मागे ढकलतो. त्या दिवशी न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. चहाचा कप घेऊन अर्धा तास बाहेर जा, ढग असले तरी. खोलीतल्या दिव्याला तो जोर नसतो. संध्याकाळी मात्र घरातले दिवे मंद करा.

आता भारताशी होणाऱ्या कॉलबद्दल, कारण इथे फार जण फसतात. भारताचं घड्याळ हलत नाही. समजा पुण्याची टीम सकाळी १० ला कॉल घेते. कॅलिफोर्नियात तो हिवाळ्यात रात्री साडेआठला असतो, घड्याळ बदललं की साडेनऊला. म्हणजे ज्या आठवड्यात लवकर झोपायचं, त्याच आठवड्यात स्क्रीनसमोरचा तास झोपेला येऊन भिडतो. कॉल संपतो साडेदहाला, डोकं शांत व्हायला साडेअकरा, आणि मुलांची शाळा तर नव्या वेळेने. हे टीमला फेब्रुवारीतच सांगा आणि बैठक भारतीय वेळेने ९ ला आणून घ्या. सोमवारी विनंती केली तर कोणाचंच कॅलेंडर मोकळं नसतं. ब्रिटनमध्ये घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, म्हणून लंडनही त्या कॉलवर असेल तर मधल्या दोन-तीन आठवड्यांची वेळ वेगळी तपासा. ॲरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई घड्याळ बदलतच नाहीत.

मुलांसाठी घड्याळ बदलण्याआधीच्या सोमवारपासून रोज १० मिनिटं अलीकडे. अंघोळ, जेवण, गोष्ट, सगळं त्याच क्रमाने सरकवायचं.

दुपारची डुलकी २० मिनिटं, तीही तीन वाजायच्या आत. कॉफी दुपारी बारानंतर नको.

मेलाटोनिनची मोठी गोळी झोपताना घेणं हा आवडता शॉर्टकट आहे आणि मला तो अजिबात पसंत नाही. ते गुंगीचं औषध नाही. शरीराला रात्र झाल्याची खूण देणारं ते संप्रेरक आहे, आणि चुकीच्या वेळी दिलं तर खूणही चुकीचीच पोचते. नियमित औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मिळणारा तास सिनेमात घालवू नका. तेव्हा गडबड उलटी असते: पहाटे साडेपाचलाच डोळे उघडतात. चारच्या सुमारास उन्हात फेरी मारा, संध्याकाळी दिवे थोडे जास्त वेळ लावा आणि सकाळी जाड पडदे ओढलेले ठेवा.

मार्चमधल्या त्या सोमवारी लांबचं ड्रायव्हिंग शक्यतो टाळा. जायचंच असेल तर वीस मिनिटं आधी निघा.